राजाचं नाक

गल्लीत तिला भिंगवाली म्हणतात. तोंडावर ‘ताई’ आणि पाठ फिरली की भिंगवाली. तिला दोन्ही ठाऊक आहेत आणि दोन्हींचा राग नाही. चाळीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून त्या डोळ्याभोवती एक गोल वळ उठलाय, तो आता झोपेनं जात नाही की साबणानं जात नाही. नवरा म्हणतो, “देवानं तुला खाली पाठवताना शिक्का मारलाय. माल पोचला म्हणून.”

तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोन माणसं बसली की तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यावा एवढीच. दारातल्या उजेडात नवऱ्याचं शिलाई मशीन, आत तिचा बाक. बाकाला पुढच्या अंगानं पोटाएवढी गोल खाच आणि खाचेखाली चामड्याची झोळी, म्हणजे कानशीचा कण न् कण झोळीत पडतो. ती काही विकत नाही. नवा दागिना विचारायला कोणी आलं तर सरळ सांगते, “मोठ्या रस्त्यावर जा. तिथं गार हवा आहे, गार पाणी देतात. मोडलेलं असेल तर बसा.”

बाक तिच्या वडिलांचा. खरं तर तो भावाकडे जायचा होता, पण भावाला बाकावर बसलं की शिंका यायच्या. एकदा त्यानं अशी काही शिंक दिली की आठवड्याचा सोन्याचा कीस भिंतीवर जाऊन बसला. वडिलांनी दोन दिवस भिंत खरवडली आणि तिसऱ्या दिवशी भावाला टपाल खात्याचा अर्ज आणून दिला. मग बाकाखाली पडलेलं बारीकसारीक शोधायला तिला बसवलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. एकदा मोहरीएवढा मणी दोन तास सापडेना. सगळे थकले, तेव्हा तिनं गालफडं फुगवून श्वास धरला आणि एका जागी बघत राहिली. मणी सापडला. “कसा दिसला गं?” वडिलांनी विचारलं. “श्वास धरला की वस्तू स्वतःच दिसते,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी तिच्या उंचीचं स्टूल करून आणलं.

वडील डावरे होते. सगळं काम उलट्या हातानं, पण काम असं की जोड कुठे आहे ते सांगूनही दिसू नये. त्यांच्याकडे वही नव्हती, कागद नव्हता. कोणाचं काय आलं, काय केलं, सगळं डोक्यात. मुलीनं बाक हाती घेतल्यावर नवी पद्धत पाडली. वस्तू आली की गिऱ्हाइकासमोर पाकिटावर तिचं चित्र काढायचं, पुढून आणि मागून, आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं. वडिलांना ते रुचायचं नाही. “आपल्यावर विश्वास नाही का कोणाचा?” म्हणायचे. अकरा वर्षांपूर्वी ते गेले आणि त्यांच्या डोक्यातलं सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला दारात हेडबाई उभ्या राहिल्या. भिंगवाली सातवीत असताना त्या वर्गशिक्षिका होत्या, पुढे मुख्याध्यापिका झाल्या, निवृत्तही होऊन दहा वर्षं झाली. पण त्या दिसल्या की अजूनही तिचा हात आपसूक पदर सारखा करायला जातो. नवऱ्यानं मशीन थांबवून खुर्ची पुढे केली.

“बसायला आले नाही,” बाई म्हणाल्या, आणि बसल्या. पर्समधून रुमाल काढला, रुमालातून एक पदक. गळ्यातल्या साखळीला लावायचं, रुपयापेक्षा जरासं मोठं. सोन्याच्या कोंदणात सोन्याचं नाणं, मागून फुलं कोरलेला पत्रा, वर कडी.

“हे आईचं. लग्नातलं. चाळीस वर्षांपूर्वी कडी तुटली, कोंदण ढिलं झालं म्हणून आमच्या वडिलांनी तुझ्या वडिलांकडे दिलं होतं.”

“मी तेव्हा पंधराची असेन.”

“असशील. आता ऐक, आणि ऐकून होईपर्यंत मध्ये बोलू नकोस.” बाईंचा आवाज वर्गातला झाला. “आई एक्याण्णव वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तापातून उठली. हे पणतीला द्यायचं ठरलं होतं. काढून तिच्या हातात दिलं, तर म्हणते, हे माझं नाही. माझ्या नाण्यावर राजा होता. तुमच्या वडिलांनी दुरुस्त करून आणलं त्या दिवसापासून राजा नाही. मी त्यांना तेव्हाच म्हटलं, तर म्हणाले, वजन तेवढंच आहे, सोनं ते सोनं, गप्प बस. मी गप्प बसले. पण खोटी वस्तू पुढच्या पोरीच्या गळ्यात घालणार नाही. वितळवून टाका.”



“म्हणजे माझ्या वडिलांनी बदललं, असं आजी म्हणतात,” भिंगवाली हळूच म्हणाली.

“मी नाही म्हणत. आई म्हणते. मी तुला ओळखते, तुझ्या वडिलांना ओळखत होते. म्हणून मोठ्या रस्त्यावर वितळवायला न जाता आधी इथं आले.” बाई जराशा थांबल्या. “पण आई खोटं बोलत नाही गं. कधीच बोलली नाही.”

तिनं पदक चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरलं. नाण्याचा वरचा भाग गुळगुळीत होता. राजा नव्हता, राणी नव्हती, अक्षर नव्हतं. मधोमध तीन पुसट उंचवटे आणि खाली एक वाकडी रेघ. बस्स.

“याला पॉलिश कोण करायचं?”

“वहिनी. घरात लग्न निघालं की मोठ्या रस्त्यावर मशीनवर चकचकीत करून आणायची. आणि आमच्याकडे लग्नं काय कमी झाली?”

तिनं पाकीट घेतलं, दोन्ही बाजूंचं चित्र काढलं, बाईंना दाखवलं. “आठ दिवस द्या बाई. तोवर वितळवू नका.”

“आठ दिवस,” बाई उठल्या. “आई आहे तोवर कळलं पाहिजे. नंतर कळून मला काय करायचंय?”

त्या गेल्यावर नवऱ्यानं मशीनचं चाक उगाच फिरवलं. “सोनार, शिंपी... पुढे काय गं ती म्हण? यांची संगत नको रे बाप्पा. आपल्या घरात दोघं आहेत, म्हणून लोकांना डबल संशय.”

ती हसली नाही. एरवी हसली असती.

दुपारी तिनं कोंदणाची कड भिंगाखाली तिळभर तिळभर फिरवून बघितली. कडीच्या बरोबर खाली, दिसेल न दिसेल असा जोड होता. जोडावरच्या कानशीच्या रेघा वरून खाली डावीकडे झुकलेल्या. उजव्या हाताचा माणूस तशी कानस मारूच शकत नाही. तिनं भिंग काढलं, डोळा पुसला, परत लावलं. वडिलांचा हात. त्यानंतर हे कोंदण कोणीही उघडलेलं नव्हतं, मोठ्या रस्त्यावरच्यांनी नाही, कोणीच नाही. म्हणजे आत जे काय होतं ते वडिलांनी ठेवलेलं होतं. दोष ढकलायला तिसरा माणूसच शिल्लक नव्हता.

“उघडून बघ मग,” नवरा म्हणाला.

“एकटीनं उघडलं तर उद्या म्हणतील, मुलीनंही बदललं.”

“मग नको उघडूस. सांग, मला कळत नाही. परत देऊन टाक. म्हातारी वितळवेल, विषय संपेल. बापाचं नाव तुझ्यामाझ्यात राहील, स्वच्छ.”

हा विचार त्याच्या आधी तिच्याच मनात येऊन गेला होता, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. वितळवलं की पुरावा गेला, होकाराचाही आणि नकाराचाही. मग ती रोज त्याच बाकावर बसणार आणि रोज स्वतःला विचारणार. देवासमोर हात जोडताना तिनं त्या संध्याकाळी काही मागितलं नाही. नुसती म्हणाली, “जे असेल ते दाखव. मला झेपेल असं नको, जे असेल ते.”

दुसऱ्या दिवशी ती पदक घेऊन संग्रहालयात गेली. तिथं मागच्या जिन्यानं वर एक लांबडी खोली आहे आणि त्या खोलीत नाण्यांचे सर बसतात. खोलीभर बुटके लाकडी खण आणि प्रत्येक खणात खाचा पाडून ठेवलेली नाणी, अंड्यांच्या ट्रेसारखी. सर निवृत्त झालेत, पण ते सांगायला कोणी धजावलेलं नाही. पांढरे सुती हातमोजे घालून ते चहासुद्धा पितात असं शिपाई सांगतो.

सरांनी पदक उजेडाला धरलं आणि त्यांचा चेहराच आंबला. “अरेरे. कोणी घासलं हे? कोणी केलं हे पाप?”

“पॉलिश केलंय, सर. मीपण करते. लोकांना चकाकी लागते.”

“तुम्ही पण!” सरांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू ती मुलांना वाफाळत्या पाण्यात बुडवते. “बाई, हजार-दोन हजार वर्षं मातीत पडून जे जात नाही, ते तुमच्या चाकावर मिनिटात जातं. चकाकी कसली, ती नाण्याची कातडी सोललेली असते.”

तिनं मान खाली घातली. आजवर किती नाणी तिच्या चाकाखालून गेली असतील? फार नाही, पाच-सहा. पण पाच-सहाच का असेनात.

सरांनी कड बघितली, तराजूत घातलं, कोंदणाच्या वजनाचा अंदाज वजा केला, ओठ हलवत काहीतरी पुटपुटले. “कड हातानं छाटल्यासारखी. गोल नाही, किंचित अंडाकृती. जुनं असू शकतं. कदाचित फार जुनं. कदाचित मुळीच नाही.”

“मुळीच नाही म्हणजे?”

“अहो, जुन्या नाण्याची नक्कल करून दागिन्यात बसवायची हौस पूर्वी सगळीकडे होती. खरं नाणं साच्यात दाबायचं, साच्यात सोनं ओतायचं. खरं नाणं आपल्याकडे, नक्कल गिऱ्हाइकाकडे. चांगला सोनार असेल तर मलाही फसवेल.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “तुमचे वडील चांगले सोनार होते का?”

ती एकदम म्हणाली, “फार चांगले होते.” आणि म्हणताक्षणीच तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो.

“मग दुसरी बाजू बघितल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.”

“मी उघडते. पण बाईंच्या समोर, माझ्या बाकावर. तुम्ही याल का?”

सरांनी हातमोजे काढले, घडी केली, खिशात ठेवले. “कधी?”

शनिवारी सकाळी दहाला ते तिघं खोलीत बसले, म्हणजे सर आणि बाई बसले, तिसरी बाकावर, आणि नवरा दारात मशीनवर शर्ट घेऊन, काम करतोय असं दाखवत. दाराबाहेरून ऊन सरळ बाकावर येत होतं. बाईंनी पाकिटावरचं चित्र आणि पदक दोन्ही ताडून बघितलं. सरांनी बाकावर काळं मखमली कापड अंथरलं.

पदक हलू नये म्हणून तिनं ते राळेच्या ठोकळ्यावर बसवलं, लाकडी मुठीचं बोथट हत्यार घेतलं आणि कोंदणाची कड एकेक केसभर मागे लोटायला लागली. सोनं घाई सहन करत नाही, ते फाटतं. तिच्या हाताला कळत होतं की वडिलांनी ही कड किती मायेनं दाबून बसवली होती, कुठंही नाण्याला ओरखडा जाणार नाही अशी. चोर इतक्या मायेनं दाबतो का? दाबत असेल. चोरालाही हात असतात. बाहेर नवऱ्याचं मशीन कधीच थांबलं होतं. तिनं नऊ वर्षांची असल्यासारखी गालफडं फुगवून श्वास धरला.

कड सुटली. तिनं नाणं चिमट्यानं उचलून मखमलीवर ठेवलं. गुळगुळीत बाजू वर.

“पालथं करा,” सर म्हणाले.

तिचा हात पुढे गेला आणि तिथंच राहिला.

“कर पालथं,” बाई म्हणाल्या, फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलीला म्हणावं तशा. मग आवाज खाली आला. “कर, बाळ.”

तिनं पालथं केलं.

राजा होता.

उन्हात तो असा उठून आला की बाई खुर्चीतून अर्ध्या उभ्या राहिल्या. एका बाजूला बघणारा चेहरा, भरदार मान, मागे वळवलेले केस, आणि केस म्हणजे नुसती रेघ नाही, एकेक बट वेगळी. डोळ्याची पापणी. कानात मोत्याचा डूल, आणि डूल हललेला, जणू आत्ताच त्यानं मान वळवली. भोवती गोलाकार अक्षरं, कुठल्याशा लिपीतली, टोकदार, काल कोरल्यासारखी. सोनंही वेगळंच, बाहेरच्यासारखं चकचकीत नाही, आतून उजळलेलं, तुपासारखं. गल्लीतून एक हातगाडी खडखडत गेली आणि तिचा आवाज संपेपर्यंत कोणी श्वास घेतला असेल असं वाटत नाही.

सरांनी बोलायला तोंड उघडलं, बंद केलं, खिसे चाचपून हातमोजे शोधले, ते हातातच होते. भिंग मागून घेतलं. अक्षरांवरून ओठ हलवत गेले, दोनदा गेले. मग अगदी हळू आवाजात, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं बोलले.

“अठराशे वर्षं. थोडं इकडे तिकडे. खरं आहे. साच्यातलं नाही, ठोकून पाडलेलं आहे. हा राजा... याचा महाल सापडला नाही, शिलालेख नाही, कोणी याच्याबद्दल ओळ लिहिलेली नाही. फक्त नाणी. मी आयुष्यात याची चार बघितलीत, चारही चांदीची, झिजकी. सोन्याचं असेल असं आम्हाला वाटायचं. नुसतं वाटायचं.” त्यांनी नाणं कडेनं धरून उलटं केलं आणि गुळगुळीत बाजूवरच्या तीन उंचवट्यांवर बोट न टेकवता फिरवलं. “आणि हे जहाज. तीन डोलकाठ्या आणि तळ. या बाजूचं जहाज बुडवलं पॉलिशनं. राजा वाचला.”

“कसा वाचला?” बाई म्हणाल्या.

“आत होता म्हणून.”

“पण नाक बघा,” भिंगवाली म्हणाली. ती बाकाला टेकून वाकली होती. “सगळं काल कोरल्यासारखं आहे, फक्त नाक झिजलंय. गाल नाही, हनुवटी नाही, फक्त नाकाचा शेंडा.”

बाईंनी बघितलं. आणि मग त्यांचा उजवा हात आपोआप गळ्याशी गेला, तर्जनी मागे आणि अंगठा पुढे, आणि नसलेल्या पदकावर अंगठा फिरायला लागला, खालून वर, खालून वर. “आई,” त्या म्हणाल्या. “आम्ही पाढे म्हणायचो ना, तेव्हा ती असं करायची. चुकलो की अंगठा थांबायचा. पाढा म्हणताना मी आईच्या तोंडाकडे बघायचेच नाही, अंगठ्याकडे बघायचे. अंगठ्याखाली काय आहे ते कधी बघितलंच नाही.” त्यांचा अंगठा थांबला. “हेच आहे. हेच ते. कोणी बदललं नाही.”

भिंगवालीनं दोन्ही हात झोळीत टाकले.

“मग राजा आत कसा गेला?” सर म्हणाले.

दारातून नवरा म्हणाला, “कॉलर उलटवली.” सगळ्यांनी वळून बघितलं. त्यानं हातातल्या शर्टाची कॉलर वर केली. “कॉलर मानेशी झिजली की आम्ही उसवतो, उलटी करतो, परत शिवतो. झिजकी बाजू आत, कोरी बाजू बाहेर. शर्ट आणखी पाच वर्षं जातो. सासऱ्यांनी तेच केलं. साखळीची कडी झिजली की फिरवून लावायचे की नाही ते?”

लावायचे. तिनंही लावल्या होत्या, शेकडो. कुठलाही सोनार तेच करील, झिजती बाजू वाचवील, कोऱ्या बाजूला झिजायला बाहेर पाठवील. वडिलांनी नाण्याचं नाक झिजताना बघितलं असेल, आणखी तीस वर्षांत चेहराच जाईल असं वाटलं असेल, आणि राजाला उचलून अंधारात निजवलं असेल. त्यांच्या दृष्टीनं ती चोख दुरुस्ती होती. नाण्याच्या दोन बाजू माणसाला सारख्याच नसतात, हे फक्त त्यांना सुचलं नाही.

“आमच्या वडिलांना सांगितलं असेल त्यांनी,” बाई म्हणाल्या. “आणि ते विसरले असतील. बाजारात पिशवी विसरून यायचे ते, निरोप कुठला आणतात.”

“असेल,” ती म्हणाली. “नसेलही. विचारायला हवं होतं, बाई. ज्यांचं आहे त्यांना.”

मग तिनं परत भिंग लावलं, कारण त्याशिवाय तिला राहवेना. पाच मिनिटं ती बघत राहिली आणि एकदम पुटपुटली, “अगं बाई.”

“काय?” सर जवळजवळ ओरडले.

“कोरणाऱ्याचा हात घसरलाय. हे बघा, डुलाखाली. ठसा कोरताना हत्यार निसटलं, ही बारीक रेघ मानेवर गेली. मग त्यानं ती लपवायला इथं केसाची एक बट जास्तीची सोडली. बाकी बटा मागे जातात, ही एकटीच पुढे येते.” तिचा आवाज बसला. “मीपण असंच केलं असतं.”

सरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. “चाळीस वर्षं मी या राजाचे केस मोजतोय,” ते म्हणाले, “आणि चांदीच्या चारपैकी एकावर ही बट आहे, एकावर नाही, बाकी दोन झिजून गेलीत. आम्ही त्यावर लेख लिहिलेत. फॅशन बदलली, म्हणून.”

नवरा हसला. मग सरही हसले. ती हसली नाही. राजा खरोखर कसा दिसायचा, हे सांगणारं कोणी उरलं नाही. पण ज्यानं तो कोरला, तो एका सकाळी उजेडात बसला होता, त्याचा हात निसटला होता, आणि मग त्याला युक्ती सुचली होती, हे तिला शेजारच्या घरात काय चाललंय हे कळावं तसं कळत होतं. अठराशे वर्षं, आणि मध्ये काहीच नाही. नुसता एक बाक. तिनं मनातल्या मनात नमस्कार केला. कोणाला केला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

सर जाताना तीनदा मागे वळले. नाणं काचेत ठेवावं, संग्रहालयात द्यावं, निदान कोणी बोटं लावू नयेत, अशी विनवणी त्यांनी बाईंना केली. “आई आहे तोवर आई सांगेल ते,” बाई म्हणाल्या.

त्याच दुपारी दोघी बाईंच्या आईकडे गेल्या. आजी खिडकीशी कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या, शेजारी स्टूलवर पाण्याचा पेला आणि गोळ्यांच्या पट्ट्या. डोळे पाण्यासारखे फिकट, जवळचं माणूसही सावलीसारखं दिसायचं.

“कोण आलंय?”

“त्या सोनाराची मुलगी,” बाई म्हणाल्या.

“डावऱ्याची?” आजींचं तोंड घट्ट मिटलं.

भिंगवालीनं खुर्ची पुढे ओढली नाही. ती कॉटशी जमिनीवर बसली आणि नाणं, कोंदणाशिवाय, आजींच्या तळहातावर ठेवलं, राजा वर. आजींची बोटं मिटली. अंगठा एकदा कडेवरून फिरला, मग आत आला. आणि थांबला.

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. अंगठा खालून वर गेला. परत खालून वर.

“कुठं होता?” आजी म्हणाल्या. नाण्यालाच.

“आतच होता, आजी. तुमच्या छातीशीच. मागं तोंड करून.”

तिनं सगळं सांगितलं. राजा, जहाज, फिरवलेली बाजू. मग म्हणाली, “वाईट हेतू नव्हता त्यांचा. नाक झिजत होतं म्हणून वाचवायला गेले. पण तुम्हाला विचारलं नाही, सांगितलं नाही. चुकलं त्यांचं. मी त्यांच्या वतीनं माफी मागते.”

आजींच्या डोळ्यांतून पाणी आलं तेही त्यांना कळलं नसावं, ते सुरकुत्यांतून वाट काढत हनुवटीशी आलं.

“मी त्याला रोज चोर म्हटलं,” त्या म्हणाल्या. “देवापुढे बसून म्हटलं. त्याच तोंडानं स्तोत्र, त्याच तोंडानं तो चोर. चाळीस वर्षं. आता ते कुठं ठेवू मी, सांग?”

तिनं आजींच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

“आई, राहू दे आता,” बाई म्हणाल्या. आणि विषय बदलायला सरांचं सांगायला लागल्या, की हे फार दुर्मीळ आहे, काचेत ठेवायला हवं, हात लावला तर झिजतं.

“काचेत?” आजींचा आवाज एकदम धारदार झाला. “अठराशे वर्षं टिकला म्हणतेस ना? मग माझ्या अंगठ्याला भितो काय? मी आता किती झिजवणार आहे, वर्ष की दोन वर्षं? त्यानंतर न्या म्हणावं काचेत. त्या पोरीला विचारा आधी, तिला देणार आहे मी. तिनं हो म्हटलं तर न्या.” मग खाली वाकून त्यांनी आवाजाच्या दिशेनं बघितलं. “तू बसवशील परत? राजा बाहेर.”

“बसवते आजी. मागचा पत्रा उघडझाप होईल असा करते, म्हणजे जहाजही बघता येईल.”

“जहाज बघणारी ती आहे. मी राजाची.” त्या थोडं हसल्या, दात नसलेलं हसू. “किती जणांच्या हातून आला असेल गं हा?”

“माहीत नाही. मोजता येणार नाहीत.”

“सगळे गेले.”

“हो.”

“आणि सगळ्यांनी असाच धरला असेल. कोणाचा राजा, कोणाच्या घरात, आणि मी त्याच्या नाकावर पोरांचे पाढे घेतले.” आजींनी मान हलवली, जणू देवाच्या कारभारावर काही बोलायचं होतं आणि बोलू नये असं ठरलं. मग मूठ पुढे केली आणि उघडली. “घे. लाव तूही हात.”

“नको आजी, मी चिमट्यानंच...”

“लाव म्हणते ना.”

मंगळवारपासून तिनं त्या नाण्याला कडेशिवाय स्पर्श केला नव्हता. तिनं साडीला हात पुसला, कानशीनं खरखरीत झालेला उजवा अंगठा पुढे केला आणि राजाच्या नाकावर टेकवला. नाणं गरम होतं.